'रोजची भाकर' आणि एपिऊसिओस : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

'आमची रोजची भाकर आज आम्हांला दे' ही ओळ मराठी ख्रिस्ती घरांत अक्षरओळख होण्याआधीच पाठ होते. तिच्यातल्या 'रोजची' या शब्दाच्या जागी मूळ ग्रीकमध्ये 'एपिऊसिओस' हा शब्द आहे, आणि त्याचा नेमका अर्थ काय यावर गेली जवळपास अठराशे वर्षं खल चालू आहे. बायबल अभ्यासाच्या वर्गांत याबद्दल पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. ग्रीक येत नसलं तरी अडणार नाही.

हा शब्द बायबलमध्ये कुठे कुठे येतो?

फक्त प्रभूच्या प्रार्थनेत. मत्तय ६:११ आणि लूक ११:३ अशी ही प्रार्थना दोन शुभवर्तमानांत आहे आणि दोन्हीकडे 'भाकर' या शब्दाला हेच विशेषण लावलेलं आहे. नव्या करारात बाकी कुठेही तो सापडत नाही.

बायबलबाहेर एक जुनं ठिकाण आहे : 'दिदाखे' नावाची आरंभीच्या मंडळीची छोटी शिकवणपोथी. तिच्या आठव्या अध्यायात हीच प्रार्थना दिली आहे आणि दिवसातून तीनदा म्हणा असं सांगितलं आहे. ही पोथी अनेक शतकं हरवलेली होती. १८७३ मध्ये फिलोथेओस ब्रिएन्निओस यांना कॉन्स्टँटिनोपलमधल्या एका ग्रंथालयात तिचं १०५६ सालचं हस्तलिखित सापडलं आणि १८८३ मध्ये त्यांनी ते छापलं. पण तिथेही शब्द येतो तो प्रार्थनेतच, म्हणून अर्थ लावायला तिची मदत होत नाही.

शब्दकोश उघडला की अर्थ मिळायला हवा. मग अडचण कसली?

कोशकार अर्थ देतात तो वापरावरून. एखादा शब्द दहा पत्रांत, पाच नाटकांत, दोन करारनाम्यांत आला, की तो लोक कशाला वापरत होते हे कळतं. एपिऊसिओसच्या बाबतीत वापराचे दाखलेच नाहीत. होमरपासूनच्या अफाट ग्रीक साहित्यात तो नाही. जिथे आहे तिथे या प्रार्थनेतूनच आलेला आहे.

हे आपल्याला आज कळलंय असं नाही. तिसऱ्या शतकातले अलेक्झांड्रियाचे पंडित ओरिगेन यांनी प्रार्थनेवरच्या आपल्या ग्रंथात (सुमारे इ. स. २३३) हे स्पष्टच लिहून ठेवलंय : हा शब्द ग्रीक विद्वानांपैकी कुणी वापरत नाही, सामान्य माणसांच्या बोलण्यातही तो नाही, शुभवर्तमानकारांनीच तो घडवलेला दिसतो. ओरिगेन यांच्या साक्षीला वजन द्यायला हवं, कारण ग्रीक ही त्यांची जन्मभाषा होती आणि अलेक्झांड्रियासारख्या ग्रंथांच्या शहरात त्यांचं शिक्षण झालं होतं. त्यांना जो शब्द अनोळखी वाटला, तो आपल्याला सहज उलगडेल अशी आशा धरण्यात अर्थ नाही. तेव्हा कुणी व्यासपीठावरून 'या ग्रीक शब्दाचा खरा अर्थ असा आहे' असं ठासून सांगितलं, तर थोडं सावध ऐकावं.

येशू तर अरामी बोलत होता. मग ग्रीक शब्दाचा एवढा कीस कशाला?

प्रश्न रास्त आहे. शिष्यांना ही प्रार्थना अरामी भाषेत शिकवली गेली असणार. पण तो अरामी मजकूर आपल्यापर्यंत पोहोचलेला नाही. पोहोचलंय ते ग्रीक. आणि मत्तय व लूक या दोघांकडेही तोच दुर्मीळ शब्द आहे. दोघांनी स्वतंत्रपणे भाषांतर करून नेमका एकच नवा शब्द घडवला, हे पटण्यासारखं नाही. म्हणजे शुभवर्तमानं लिहिली जाण्याआधीच ग्रीक बोलणाऱ्या मंडळीत ही प्रार्थना या शब्दासह रुळलेली होती. कुणा अनाम भाषांतरकाराने हा शब्द घडवला आणि पुढे सगळ्यांनी तो तसाच उचलला.

त्या अरामी शब्दाचा एक माग मात्र लॅटिन बायबलचे भाषांतरकार जेरोम यांनी नोंदवून ठेवला आहे. मत्तयावरच्या टीकेत (इ. स. ३९८) ते म्हणतात, की 'इब्री लोकांचे शुभवर्तमान' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ग्रंथात या जागी 'माहार' हा शब्द आढळला. माहार म्हणजे उद्या. म्हणजे ओळ झाली : आमची उद्याची भाकर आज आम्हांला दे. तो ग्रंथ स्वतः ग्रीकवरून उलट अरामीत आणलेला असू शकतो, त्यामुळे हा निर्णायक पुरावा धरता येत नाही. तरी त्या काळच्या अरामी बोलणाऱ्या ख्रिस्ती लोकांना ही ओळ कशी समजत होती, एवढं त्यातून नक्की कळतं.

शब्दाची फोड केली तर काय हाती लागतं?

दोन प्रमुख वाटा निघतात.

पहिली वाट : एपि + ऊसिआ. 'एपि' म्हणजे वर, साठी. 'ऊसिआ' म्हणजे असणं, सत्त्व, तत्त्व. हाच तो ऊसिआ, जो ३२५ च्या निकाया परिषदेत 'होमोऊसिओस' या शब्दात आला आणि पुत्र पित्याशी एकतत्त्व आहे हा विश्वासांगीकार ठरला. या वाटेने गेलं तर भाकर होते 'अस्तित्वासाठी लागणारी', म्हणजे जगण्यापुरती. किंवा आणखी वर चढलं तर 'सत्त्वापलीकडची', म्हणजे स्वर्गीय. ओरिगेन याच वाटेचे. निर्गम १९:५ च्या ग्रीक भाषांतरात देवाच्या खास प्रजेसाठी 'पेरिऊसिओस' हा शब्द आहे, त्याच्याशी ते एपिऊसिओसची जोडी लावतात.

पण ऊसिआला हे तत्त्वज्ञानी वजन ज्या ग्रंथांतून आलं, त्यांत नवा करार बसत नाही. नव्या करारात हा शब्द येतो तो उधळ्या पुत्राच्या दाखल्यात (लूक १५:१२-१३), आणि तिथे त्याचा अर्थ आहे मालमत्ता, इस्टेट. धाकट्याने बापाकडे वाटणी मागितली आणि उधळून टाकली, ती ही ऊसिआ. गालीलमधल्या कोळ्यांना शिकवलेल्या प्रार्थनेत परिषदांच्या काळातलं तत्त्वज्ञान शोधणं मला तरी ताणल्यासारखं वाटतं.

दुसरी वाट : एपि + इएनाय, म्हणजे येणे, पाठोपाठ येणे. या क्रियापदापासून 'हे एपिऊसा' हा शब्द झाला : येणारा (दिवस). हा मात्र पूर्णपणे चलनातला शब्द आहे. प्रेषितांची कृत्ये १६:११ मध्ये पौल आणि त्याचे सोबती त्रोवसाहून निघून समथ्राकेला गेले आणि दुसऱ्या दिवशी नियापुलीला पोहोचले, तिथला 'दुसऱ्या दिवशी' हाच. नीतिसूत्रे २७:१ च्या जुन्या ग्रीक भाषांतरातही तो आहे : उद्याची फुशारकी मारू नकोस, कारण येणारा दिवस काय घेऊन येईल हे तुला ठाऊक नाही. एपिऊसापासून एपिऊसिओस हे विशेषण सरळ सुचतं : येत्या दिवसाची.

'असणे' या धातूपासूनच 'या चालू दिवसापुरती' असाही अर्थ काहीजण काढतात. तो पहिल्या वाटेचाच फाटा समजावा.

या दोन वाटांपैकी व्याकरण कुणाच्या बाजूला आहे?

बहुतांशी दुसरीच्या. ग्रीकमध्ये 'एपि'च्या पुढे स्वर आला की शेवटचा इकार गळतो : एपि आणि आर्खो मिळून 'एपार्खोस' (अंमलदार). त्या नियमाने एपि आणि ऊसिआ मिळून 'एपूसिओस' व्हायला हवं होतं. आपल्या शब्दात मात्र इकार शाबूत आहे. येण्याच्या क्रियापदात तो मुळातच धातूचा असल्यामुळे तिथे अडचण उरत नाही.

पहिल्या बाजूचे लोक अपवाद दाखवतात. 'एपिएइकेस' (सौम्य, समंजस) या शब्दात इकार टिकलाय, आणि तो शब्द फिलिप्पैकरांस पत्रात आहे. पण तिथे पूर्वी मध्ये एक व्यंजन होतं, जे पुढे लोपलं. इकार वाचला तो त्यामुळे. ऊसिआच्या आरंभी असं काही नव्हतं. तरीही शब्द घडवणारा माणूस व्याकरण चोख पाळणारा होताच याची हमी कोण देणार? म्हणून हा मुद्दा वजनदार आहे, शेवटचा नाही.

इजिप्तमध्ये एका जुन्या हिशेबाच्या कागदावर हा शब्द सापडला होता ना?

सापडला होता, हरवला होता, आणि पुन्हा सापडल्यावर तो मुळी तिथे नव्हताच असं निघालं. विद्वानांच्या जगातली ही एक मजेशीर गोष्ट आहे.

फ्लिंडर्स पेट्री यांनी इजिप्तच्या फायूम भागात हवारा इथे उत्खनन केलं, तेव्हा पपायरसचे (लव्हाळ्यापासून केलेल्या जुन्या कागदाचे) बरेच तुकडे निघाले. त्यांचं वाचन ए. एच. सेस यांनी केलं आणि ते १८८९ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यात घरखर्चाची एक यादी होती, आणि तिच्या एका ओळीत अर्धा ओबोल (ग्रीक चिल्लर नाणं) कशासाठी तरी खर्ची पडला होता. तो शब्द सेस यांनी 'एपिऊस…' असा वाचला. पुढची अक्षरं तुटलेली. १९१५ मध्ये प्रायझिग्के यांच्या पपायरस-संग्रहात ही यादी ५२२४ या क्रमांकाने पुन्हा छापली गेली आणि बायबलच्या अभ्यासकांचं तिच्याकडे लक्ष गेलं. ओरिगेन चुकले, असं म्हणायची सोय झाली. हा तर बाजारहाटातला साधा शब्द, रोजच्या शिध्यासाठी वापरला जाणारा! विसाव्या शतकातल्या कितीतरी टीकाग्रंथांत आणि कोशांत हा दाखला दिमाखाने मिरवला.

अडचण एवढीच होती, की मूळ पपायरस कुठे आहे हे कुणालाच माहीत नव्हतं. सेस यांचं ग्रीक अक्षरवाचन फारसं भरवशाचं नाही, हीही कुजबूज होतीच. अखेर १९९८ मध्ये तो तुकडा अमेरिकेत येल विद्यापीठाच्या बाइनेकी ग्रंथालयात सापडला. नायमन आणि वॉर्प या दोन अभ्यासकांनी तो नव्याने वाचला आणि १९९९ मध्ये निष्कर्ष छापला : तिथे लिहिलंय 'एलाइऊ'. म्हणजे तेल.

अर्धा ओबोल तेलाला गेला होता. ओरिगेन पुन्हा खरे ठरले.

जुनी पुस्तकं मात्र अजून कपाटांत आहेत, आणि इंटरनेटवर तर 'पुरातत्त्वाने कोडं सोडवलं' असे लेख आजही फिरताना दिसतात. आपल्याकडचा एखादा टीकाग्रंथ १९९९ च्या आधीचा असेल आणि त्यात हा पपायरस पुरावा म्हणून आला असेल, तर तो परिच्छेद ओलांडून पुढे जायला हरकत नाही.

जेरोम यांनी एकाच शब्दाचं दोन ठिकाणी दोन प्रकारे भाषांतर केलं, हे खरं का?

हो. पोप दामासस यांच्या सांगण्यावरून जेरोम यांनी लॅटिन शुभवर्तमानं सुधारली, ती सुमारे ३८४ मध्ये. जुन्या लॅटिन भाषांतरांत दोन्हीकडे 'कोतिदियानुम', म्हणजे रोजची, असं होतं. जेरोम यांनी लूकमध्ये ते तसंच राहू दिलं. मत्तयात मात्र बदलून 'सुपरसुबस्तान्तिआलेम' असा भलामोठा शब्द घातला : एपि म्हणजे सुपर, ऊसिआ म्हणजे सुबस्तान्तिआ. ग्रीक शब्दाचे तुकडे करून प्रत्येकाला एकेक लॅटिन तुकडा चिकटवला.

गंमत पुढे आहे. उपासनेत लोक म्हणत राहिले जुनाच शब्द, कोतिदियानुम. त्यामुळे शेकडो वर्षं लॅटिन चर्चमध्ये मत्तयाचं पुस्तक उघडलं की एक शब्द, आणि त्याच मत्तयातली प्रार्थना तोंडाने म्हटली की दुसरा. विक्लिफ यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चौदाव्या शतकातल्या इंग्रजी बायबलात आणि १५८२ च्या कॅथलिक इंग्रजी नव्या करारात मत्तयातला तो जडजंबाल शब्द उतरला. मधल्या काळातले इंग्रजी भाषांतरकार टिंडेल यांनी तो नाकारून 'रोजची' धरलं.

मग ही साधी भाकर की मिस्साबलिदानातली?

मंडळीच्या इतिहासात दोन्ही उत्तरं आहेत, आणि बऱ्याचदा एकाच माणसाच्या तोंडी.

कार्थेजचे बिशप सिप्रियन यांनी सुमारे २५२ मध्ये लिहिताना ओळीचा रोख ख्रिस्तशरीराकडे वळवला. त्यांच्या मंडळीत हा संस्कार रोज होत असे. ओरिगेन योहानाच्या सहाव्या अध्यायातल्या 'जीवनाच्या भाकरी'कडे जातात. ऑगस्टीन तीन अर्थ सांगतात : पोटाची भाकर, वेदीवरची भाकर आणि देवाचं वचन. निसाचे ग्रेगरी आणि योहान क्रिसोस्तोम यांनी मात्र पाय जमिनीवर ठेवले. त्यांच्या मते इथे मागितली आहे ती फक्त भाकर. चैन नाही, साठा नाही.

ल्यूथर यांचा प्रवास बघण्यासारखा आहे. १५१९ च्या विवेचनात त्यांनी ही भाकर आत्मिक मानली. दहा वर्षांनी, १५२९ च्या छोट्या प्रश्नोत्तरावलीत, त्यांनी 'रोजच्या भाकरी'त काय काय येतं याची यादीच दिली : अन्न, कपडे, जोडे, घर, शेत, गुरं, चांगला जोडीदार, चांगले शेजारी, बरं सरकार, बरं हवामान, शांतता. जोड्यांपासून सरकारपर्यंत सगळं! कॅल्विन यांना 'सत्त्वापलीकडची भाकर' हा अर्थ अजिबात रुचला नाही. मांस-रक्ताच्या माणसाची गरज देवाजवळ मागायला लाजायचं कशाला, असा त्यांचा सूर आहे.

कॅथलिक चर्चच्या १९९२ च्या धर्मशिक्षणात (परिच्छेद २८३७) अर्थांचे पदर एकावर एक ठेवलेत : दिवसाशी निगडित, जगण्याला आवश्यक, आणि शब्दशः घेतलं तर ख्रिस्तशरीर. उपासनेच्या दृष्टीने ही मांडणी समृद्ध आहे. शब्दाचा मूळ अर्थ शोधणाऱ्याचं मात्र तिने समाधान होत नाही, कारण त्याला एका शब्दाचा एका क्षणीचा अर्थ हवा असतो.

'रोजची' असंच म्हणायचं होतं तर ग्रीकमध्ये दुसरा शब्द नव्हता का?

होता, आणि एकापेक्षा जास्त. प्रेषितांची कृत्ये ६:१ मध्ये विधवांना रोजच्या वाटणीत डावललं जातं, तिथे 'काथेमेरिनोस' आहे. याकोब २:१५ मध्ये उघड्या, उपाशी भावाबहिणीला रोजचं अन्न नाही, तिथे 'एफेमेरोस'. हे शब्द हाताशी असताना भाषांतरकाराने नवा शब्द पाडला, म्हणजे नुसतं 'रोजची' त्याला पुरेसं वाटलं नसावं.

लूकमधली ओळ पाहिली तर शंका बळावते. मत्तय म्हणतो 'आज दे'. लूक म्हणतो 'रोज देत जा', आणि क्रियापदाचं रूपही तसंच बदलतो. आता एपिऊसिओसचा अर्थ 'रोजची' धरला, तर लूकची ओळ 'रोजची भाकर रोज देत जा' अशी होते. मराठी बायबलमध्ये ती तशीच आहे, आणि आपल्या कानाला ती द्विरुक्ती गोडही वाटते. ग्रीक लिहिणाऱ्याला हवी होती की नाही, हा वेगळा प्रश्न.

'उद्याची भाकर' मागायची, तर त्याच अध्यायातल्या 'उद्याची चिंता करू नका' याचं काय?

'येत्या दिवसाची' या अर्थावरचा हा सर्वांत मोठा आक्षेप. मत्तय ६:११ मध्ये उद्याची भाकर मागायला सांगून ६:३४ मध्ये उद्याची चिंता नको म्हणणं विसंगत दिसतं खरं.

पण येता दिवस कोणता, हे प्रार्थना कधी म्हणता यावर अवलंबून आहे. पहाटे म्हटली तर येता दिवस म्हणजे उजाडणारा, आजचाच. रात्री म्हटली तर सकाळ झाल्यावरचा. त्यात यहुदी दिवस सूर्यास्ताला सुरू होतो.

माझ्या मते खरी किल्ली मजुरीच्या पद्धतीत आहे. मत्तय २० मधला दाखला आठवा : द्राक्षमळ्याचा मालक सकाळी चौकात जाऊन मजूर ठरवतो, दिवसाला एक देनारी, आणि संध्याकाळी कारभाऱ्याला पैसे वाटायला सांगतो. हे मालकाच्या मनावर नव्हतं. नियमशास्त्रच तसं होतं. मजुराची मजुरी सकाळपर्यंत आपल्याकडे ठेवू नकोस (लेवीय १९:१३). सूर्य मावळण्याआधी दे, कारण तो गरीब आहे आणि त्याचं लक्ष तिच्याकडे लागलेलं असतं (अनुवाद २४:१५). संध्याकाळी हातात पडलेल्या पैशातून रात्रीची आणि दुसऱ्या दिवसाची भाकर होणार. ज्याचं हातावर पोट आहे, त्याची 'येत्या दिवसाची भाकर आज दे' ही मागणी साठेबाजीची नव्हे. आजची मजुरी आजच मिळू दे, एवढंच तो म्हणतोय. नाक्यावर उभं राहून काम मिळण्याची वाट पाहणाऱ्याला हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. चिंता करू नका असं ज्यांना सांगितलं, त्यांनाच हे मागायला शिकवलं. मागून मोकळं झालं की रात्री झोप लागते.

येत्या दिवसाचा अर्थ देवाच्या राज्याचा येणारा दिवस असा घेणारेही अभ्यासक आहेत : त्या मेजवानीतली भाकर आजच दे. आधीची ओळ 'तुझे राज्य येवो' ही असल्याने तो अर्थ एकदम टाकून देता येत नाही. भुकेल्या माणसाच्या तोंडी तो आधी आला असेल असं मला वाटत नाही, इतकंच.

मान्नाशी याचा संबंध जोडतात, तो योग्य आहे का?

हो, आणि अर्थ कोणताही घेतला तरी तो टिकतो. निर्गम १६ मध्ये रानातल्या लोकांनी मान्ना (देवाने आकाशातून दिलेलं अन्न) त्या त्या दिवसापुरताच गोळा करायचा होता. उरवून ठेवला की त्यात किडे पडत. फक्त सहाव्या दिवशी दुप्पट, कारण सातव्या दिवशी शब्बाथ. म्हणजे येत्या दिवसाचं अन्न आदल्या दिवशी मिळण्याचा दाखला तिथेही आहे. नीतिसूत्रे ३०:८ मधली 'दारिद्र्य नको आणि श्रीमंतीही नको, माझ्या वाट्याचं अन्न दे' ही विनवणीही याच घरातली.

बाकीच्या जुन्या भाषांतरांनी काय केलं?

ज्याला जसं उमगलं तसं. सिरियाक भाषेच्या सर्वांत जुन्या शुभवर्तमानांत 'नित्याची भाकर' आहे. पुढच्या पेशित्तामध्ये (सिरियाकमधलं प्रमाण बायबल) 'आमच्या गरजेची भाकर', आणि केरळच्या सिरियन ख्रिस्ती परंपरेत सिरियाक प्रार्थना याच शब्दांत म्हटली गेली. इजिप्तच्या कॉप्टिक बोलींपैकी साहिदीत 'येणारी भाकर' आणि बोहैरीत सरळ 'उद्याची भाकर'. गॉथिकमध्ये 'नित्याची'. स्लाव्हिकमध्ये 'नासुश्नी' हा शब्द एपि-ऊसिआच्या साच्यातून पाडला, आणि रशियनमध्ये तो आज 'निकडीचा, अत्यावश्यक' या अर्थाने सर्रास चालतो.

आजच्या ग्रीक माणसाला हा शब्द कळतो का?

ओरिगेन यांच्यापेक्षा चांगला! ग्रीसमध्ये प्रार्थना मूळ शब्दांतच म्हटली जाते, त्यामुळे शब्द घरोघरी आहे. 'एपिऊसिओस मिळवणे' म्हणजे पोटापुरतं कमावणे. हा अर्थ अर्थात प्रार्थनेतूनच आलाय, तेव्हा तो पुरावा म्हणून उलटा वापरता येणार नाही.

मराठीत 'भाकर'च का? पाव किंवा पोळी का नाही?

ग्रीक 'आर्तोस' म्हणजे भाजलेली रोटी. गालीलमधल्या गरिबाघरी बहुधा सातूची. ती आणि आपली ज्वारी-बाजरीची भाकर एकच नव्हेत. पण 'भाकरीचा प्रश्न', 'भाकरीची सोय' असं आपण म्हणतो तेव्हा भाकर म्हणजे अख्खी उपजीविका असते, आणि प्रार्थनेत तेच हवं आहे. पोळी सणासुदीकडे झुकते. पाव हा शब्दच पोर्तुगीजांबरोबर आला. शिवाय शेवटच्या भोजनातही येशू 'भाकर घेऊन मोडतो', त्यामुळे जेवणाची भाकर आणि प्रभुभोजनाची भाकर मराठीत एकाच शब्दाने जोडलेल्या राहतात. सिप्रियन आणि क्रिसोस्तोम दोघांचीही सोय होते.

गोव्यातली कोकणी प्रार्थना वेगळ्या वाटेने जाते : 'आमचो दिसपट्टो गिरास आज आमकां दी.' गिरास म्हणजे ग्रास, घास. भाकर की पाव हा प्रश्नच तिने ठेवला नाही.

मग मराठी बायबलमधला 'रोजची' हा शब्द बदलावा का?

माझं मत विचाराल तर, नको. 'येत्या दिवसाची' हे मला सर्वांत संभवनीय वाटतं. मात्र ते सिद्ध झालेलं नाही, आणि कोट्यवधी वेळा म्हटली गेलेली ओळ संभवनीयतेवर बदलू नये. शिवाय 'रोज' हा फारसीतून आलेला शब्द मराठीत दिवसाइतकाच मजुरीचाही आहे : रोज किती पडतो, रोजावर जाणे, रोजंदारी, रोजीरोटी. 'रोजची भाकर' म्हणताना तो मजूर आपोआप ओळीत येऊन उभा राहतो. सुपरसुबस्तान्तिआलेममध्ये त्याला जागा नव्हती.

अभ्यास-आवृत्तीत तळटीप मात्र जरूर असावी : 'किंवा, येत्या दिवसाची, किंवा, जगण्यास आवश्यक. मूळ ग्रीक शब्द इतरत्र आढळत नाही.' पंडिता रमाबाईंनी केडगावला बसून मूळ इब्री आणि ग्रीकवरून अख्खं बायबल सोप्या मराठीत आणलं (ते १९२४ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर छापून झालं). अशी परंपरा असलेल्या भाषेतल्या वाचकाला एवढी तळटीप जड जाऊ नये.